राजापुरात सात कुटुंबांची सामाईक शेती, तीही वीज मंडळाशिवाय: सल्ला हवा आहे

वहाळकाठ, १४ डिसेंबर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतीच वाचते, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सात कुटुंबं, ठाणे-डोंबिवली-पुण्याची. ३५ ते ५८ वयाची माणसं. तीन वर्षं सुट्ट्या साधून जमिनी बघत हिंडतोय आणि आता राजापूर तालुक्यातली एक जागा मनात भरली आहे. एकूण १४ एकर. त्यात तीनेक एकर भाताचा मळा, पाच-सहा एकर वरकस (उताराची हलकी जमीन), तिच्यात रोजगार हमीच्या फळबाग योजनेतले जुने काजू, आणि बाकी सगळा कातळ. खालच्या अंगाला वहाळ, म्हणजे ओढा. घर बंद, मालक मुंबईला, मळा आठ वर्षं पडून आहे.

बेत असा: पैसे सगळ्यांनी सारखे घालायचे, जमीन सामाईक ठेवायची, चिऱ्याची छोटी छोटी सात घरं बांधायची, स्वयंपाकघर मात्र एकच. भात, नाचणी, कुळीथ, भाजी, दूध तिथलं. बाजारातून फक्त मीठ, तेल, चहा, साखर. विजेचा शेवटचा खांब दीड किलोमीटरवर आहे, आणि तिथून लाइन ओढायच्या खर्चात आमचं सोलर बसतंय. म्हणून वीज घ्यायचीच नाही असं ठरतंय.

सोसायटी करावी, कंपनी की ट्रस्ट? सोलर किती किलोवॅटचं? आणि आम्ही काय विसरतोय?

खोबरेल, १४ डिसेंबर

माकडं.

सड्यावरचा, १४ डिसेंबर

सातबाऱ्यावर नावं किती?

वहाळकाठ, १४ डिसेंबर

२३. त्यातली पाच-सहा माणसं हयात नसावीत. पण मालक म्हणाले, सगळे घरातलेच आहेत, सह्या देतील.

सड्यावरचा, १५ डिसेंबर

ताई, रागावू नका, पण 'सगळे घरातलेच आहेत' या एका वाक्यावर आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी वकिलांनी बंगले बांधलेत.

जे गेले त्यांचे वारस आधी चढवायला लागतील. त्यात लग्न होऊन गेलेल्या बहिणी आणि आत्या आल्या. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि हक्कसोड तोंडी चालत नाही, नोंदवावं लागतं. एक आत्या सुरतेला, एक पुतण्या मस्कतला असं धरूनच चाला. मग 'इतर हक्क' हा रकाना वाचा. तिथे कुणा कुळाचं नाव किंवा कुळकायद्याच्या कलम ४३ चा, म्हणजे विक्रीवर बंधन असल्याचा, शेरा असेल तर बयाण्याचा एक रुपया देऊ नका, आधी जाणकाराला दाखवा. जुने फेरफार काढा. सरकारी मोजणी करून घ्या. आणि आमच्याकडे जमीन एकाची, तिच्यातली आंब्याची कलमं दुसऱ्याची, असंही असतं, तेही विचारा.

वाटेचं विसरू नका. गाडी घेऊन तुम्ही जिथून आत गेलात, ती वाट नकाशात आहे का? की शेजाऱ्याच्या गडग्यातले चार धोंडे बाजूला करून केलेली आहे?

आता संस्थेचं. तुम्हा सातांत शेतकरी दाखला किती जणांकडे? कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. 'दोघांच्या नावावर घेऊ आणि आपसात कागद करू' असं कोणीतरी सुचवलं असेलच. त्या कागदाने काही मिळणार नाही, उलट बेनामी व्यवहाराच्या कायद्यात अडकाल. सहकारी संस्थेला वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान १० माणसं लागतात, शेतकरी उत्पादक कंपनीलाही १० उत्पादक. तुम्ही सात. आणि शेतघर वेगळं, सात घरांची वसाहत वेगळी. वसाहत म्हटली की बिनशेती आली.

वहाळकाठ, १५ डिसेंबर

दाखला दोघांकडेच आहे. आणि तो 'आपसातला कागद' आम्ही टाइपसुद्धा करून ठेवला होता. (इथे तोंड लपवणारी बाहुली समजा.)

पुणेकर_तात्पुरता, १५ डिसेंबर

मग विकत कशाला? खंडाने घ्या. एवढी जमीन पडीक आहे कोकणात, लोक आनंदाने देतील.

सड्यावरचा, १५ डिसेंबर

आनंदाने नाही देत हो. १ एप्रिल १९५७ ला कृषकदिन आला आणि कसणारा कूळ मालक झाला. त्याआधी खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, गेली. कुळाच्या बाजूने बघाल तर न्यायच झाला, पण ज्यांची गेली त्यांच्या नातवंडांच्या डोक्यातून ते अजून जात नाही. इकडचा माणूस शेतात रान माजू देईल, पण दुसऱ्याला लेखी कसायला देणार नाही. 'कूळ लागेल', म्हणजे कसणारा उद्या जमिनीवर हक्क सांगेल, हे दोन शब्द ऐकले की बोलणं संपतं. तुमचा मळा आठ वर्षं पडून का आहे, त्याचं एक कारण हेही असणार.

आंब्याची बाग मात्र वर्षाच्या कराराने सर्रास देतात. तिथे तुम्ही फळ घेता, जमीन नाही.

इन्व्हर्टरवाला, १७ डिसेंबर

सोलरचं मी सांगतो. दापोली तालुक्यात राहतो, हाच धंदा आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत वीज परत यायला महिना लागला. त्या महिन्यात ज्यांच्याकडे सोलर होतं त्यांच्या अंगणात मोबाइल चार्जिंगला रांग. आणि ज्यांनी पॅनेल नुसती पत्र्यावर क्लिपने अडकवली होती, त्यांची पॅनेल शेजारच्या माडाच्या बुंध्याशी. तेव्हा पहिला खर्च सांगाड्यावर, नट-बोल्ट स्टेनलेसचे. खाऱ्या हवेत साधं लोखंड तीन पावसांत भुगा होतं.

कंपन्या सांगतात एक किलोवॅटला दिवसाला चार युनिट. जानेवारीत ते खरं आहे. माझ्या घरचं तीन किलोवॅट जानेवारीत १२ युनिट देतं. जुलैत झड लागली की त्याच पॅनेलवर दिवसाला दोन युनिट लिहिलेत माझ्या वहीत, कधी दीड. असे सलग नऊ दिवस गेलेत. नऊ दिवस पुरेल एवढी बॅटरी कोणी ठेवत नाही. १५० अँपिअर-अवरची साधी ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे पावणेदोन युनिट, त्यातलंही निम्मंच वापरायचं, नाहीतर दोन वर्षांत भंगार.

पण तुम्ही वहाळ म्हणालात. तिकडे लक्ष द्या. कोकणात सूर्य झोपतो तेव्हाच वहाळ जागा असतो. सेकंदाला १० लिटर पाणी आणि १२ मीटर उतार मिळाला, तर कागदावर जवळजवळ बाराशे वॅट होतात. छोट्या टर्बाइनला त्यातलं निम्मं मिळालं तरी पाच-सहाशे वॅट, पण चोवीस तास. म्हणजे दिवसाला १२ ते १४ युनिट, भर पावसात. जून ते ऑक्टोबर वहाळ, पुढे सूर्य. एक त्रास आहे. तोंडाशी जाळी लावावी लागते, ती पाचोळ्याने तुंबते, आणि तुंबते ती नेमकी रात्री दोनला. इरलं म्हणा, रेनकोट म्हणा, घेऊन कोणीतरी जायचं. कोण, ते आधी ठरवा.

अर्थिंग. कातळावर खुंटी ठोकून अर्थिंग मिळत नाही. जांभ्यात ओल टिकत नाही, उन्हाळ्यात तर अजिबात नाही. मळ्याच्या कडेला मातीत खड्डे घ्या आणि तिथून पट्टी वर आणा. मे आणि ऑक्टोबरमधल्या विजा बघितल्यात ना?

शेवटचं: इन्व्हर्टरला बारीक जाळी मारा. आत उबेला पाल जाते, सर्किटवर आडवी होते, पालही जाते आणि बोर्डही. महिन्याला एक तरी असा येतो माझ्याकडे. कालच उघडला, मधोमध वाळलेली पाल, शेपटी अजून चिकटलेली.

खोबरेल, १७ डिसेंबर

गोबरगॅसचं कोणी बोललं नाही. सामाईक स्वयंपाकघर गॅसवर चालवणार असाल तर हिशोब करा. दोन घनमीटरच्या प्लँटला रोज साधारण ५० किलो शेण लागतं आणि त्यावर चार-पाच माणसांचं जेवण होतं. आपली गावठी कोकण कपिला गाय अंगाने लहान, दिवसभर रानात चरणार, शेण निम्मं रानातच. गोठ्यात पाच-सहा किलो सापडलं तर नशीब. सात कुटुंबांसाठी किती गाई होतात बघा. चूल लागेलच.

चुलीपाशी, १८ डिसेंबर

मी कधीची वाट बघतेय, हा प्रश्न कोणी विचारतंय का. तर मीच विचारते. त्या एका स्वयंपाकघरात सकाळी सहाला चूल कोण पेटवणार? वीस माणसांच्या भाकऱ्या कोण थापणार? तुमच्या बेताच्या कागदात सोलरचे आकडे आहेत म्हणालात, भाकऱ्यांचे आहेत का?

वहाळकाठ, १८ डिसेंबर

नाहीत. आणि हे मी आमच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा दोन तास कोणी काही लिहिलं नाही. मग एका दादांनी 'पोळीभाजी केंद्राकडून' असा विनोद केला. तीन बायकांना तो आवडला नाही.

माघारी_आलेला, २० डिसेंबर

लिहू की नको करत होतो.

आम्ही पाच कुटुंबं होतो, लांज्याच्या बाजूला, २०१४ ते २०१७. तीन पावसाळे काढले. लोक विचारतात का मोडलं, तर मी 'पैसे' असं सांगून सुटतो. पैसे नव्हते कारण.

आमच्याकडे एक वही होती. श्रमाची वही. कोणी किती तास काम केलं ते ज्याने त्याने लिहायचं. लाल पुठ्ठ्याची, लांबट, वाण्याकडे असते तशी. पहिल्या वर्षी कोणी नीट लिहिलंच नाही, कारण सगळे खूश होते. दुसऱ्या वर्षी सगळे मन लावून लिहायला लागले. तेव्हाच कळायला हवं होतं. एकाने 'पाट साफ, ४ तास' लिहिलं की दुसरा शेजारी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढायचा. पाहुण्यांना शेत दाखवणं हे काम धरायचं का? लॅपटॉपवर बसून संस्थेचा पत्रव्यवहार करणारा आणि चिखलणी करणारा, दोघांचा तास सारखा का? आजारी मुलापाशी बसलेल्या आईचे तास कुठे लिहायचे?

तिसऱ्या वर्षी ४० नारळांवरून भांडण झालं. अक्षरशः ४० नारळ. एकाने ते परस्पर भावाच्या लग्नाला नेले. नारळांची किंमत काय, हजार-बाराशे. त्या रात्री जे बोलणं झालं त्यात नारळ पाच मिनिटंच होते. पुढे तीन तास सगळी वही बाहेर आली. बाहेर मुसळधार, आत एक एलईडी मिणमिणत होता कारण बॅटरी उतरली होती, आणि वहीची पानं ओलीने एकमेकांना चिकटलेली, ती नखाने सोडवून सोडवून एकेकजण जुने पुरावे काढत होता. मी त्या रात्री मनाने निघालो, सामान डिसेंबरात हलवलं.

गाईंचं सांगायचं राहिलं. गणपतीत सगळे आपापल्या घरी जाणार. मग धार कोण काढणार? पहिल्या वर्षी आम्ही राहिलो. दुसऱ्या वर्षीही आम्हीच. खोबरेल, तुमचा गाईंचा हिशोब बरोबर आहे, त्यात गणपतीचे पाच दिवसही घाला.

फुरसं (विषारी साप) चावल्याचा एक प्रसंग आमच्यावर आला. कातळावर, गवत काढताना, आमच्यातल्या एकीच्या बोटाला. वाचली. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस होती, तिथवर पोचायला ५० मिनिटं लागली आणि त्यातली २० आमच्याच वाटेवरचा चिखल तुडवण्यात गेली. वाट आधी करा. सोलर नंतर.

जुना_शिक्षक, २१ डिसेंबर

माघारी_आलेला यांचं वाचून गप्प बसलो होतो. पण धागा अगदीच अंधारात जाऊ नये म्हणून दोन शब्द.

अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली कणकवलीजवळ गोपुरी उभी केली. शेती, खत, कातडं, संडास. ज्या कामांना कोणी हात लावत नव्हतं ती त्यांनी आधी स्वतः केली. तिकडे सांगली जिल्ह्यात म्हैसाळला मधुकरराव देवलांनी दलित कुटुंबांची संयुक्त सहकारी शेती बसवली. तिथे जमीन त्या कुटुंबांचीच होती आणि पोटासाठी तीच होती. हे फरक बघा. तुमच्यातल्या प्रत्येकाचा शहरात फ्लॅट आहे. तो विकू नका असंच मी म्हणेन, पण तो आहे हे तुमच्या प्रत्येक भांडणात हजर राहील.

पुणेकर_तात्पुरता, २१ डिसेंबर

सगळेच निराशावादी झालेत इथे. केरळात कुटुंबश्री या सरकारी बचतगट योजनेतल्या बायका गट करून पडीक जमिनी कसतात की!

चुलीपाशी, २१ डिसेंबर

बायका. गट करून. पुन्हा वाचा स्वतःचं वाक्य.

वरचीवाडी, २३ डिसेंबर

मी गावातच ऱ्हवतंय, कणकवलीच्या अलीकडे. वायच गजाल करूची होती. सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं छापील मराठीत लिहितो.

पाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही याचं नवल वाटलं. डिसेंबरात वहाळ बघून जमीन घेऊ नका. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर येतो. जांभा चाळणीसारखा, वरून पडलं की खाली गेलं. विहीर बघायची तर १५ मेनंतर, आणि शेजारच्या म्हातारीला विचारून. तुमच्या छपराचं पाणी धरा. १०० चौरस मीटर छप्पर असेल तर पावसाळ्यात तीन लाख लिटर पडतं. वीस माणसांना प्यायला आणि चुलीला माणशी २० लिटर धरले, १०० दिवसांचे, तर ४० हजार लिटरची टाकी लागते. ती मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या) पहिल्या पंधरवड्यात भरते. म्हणजे पाणी कमी नाही, ठेवायला जागा नाही.

दुसरं. तो वहाळ तुमचा नाही. दिवाळीनंतर खालच्या वाडीची माणसं दगड, माती, पाला घालून बांध घालत असतील आणि पाटाने पाणी नेत असतील. पाटाच्या पाळ्या ठरलेल्या असतात, कोणाची कधी ते कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना पाठ असतं. वर टर्बाइन बसवताय ते चांगलं, पावसात कोणाची हरकत नाही. पण डिसेंबरात पाइप टाकलात तर बघा. बांध घालायच्या दिवशी फावडं घेऊन जा. नुसते पैसे देऊन येऊ नका.

माकडांचं खोबरेल यांनी एका शब्दात सांगितलंय ते पुरे. रत्नागिरीकडे आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळहून आलेली माणसं असतात ती काय हौस म्हणून नाही.

आणि जमीन आत्ता घेवच नको. एक पावस ऱ्हवान बघा. पुरो पावस. मिरगापासून दसऱ्यापर्यंत. तेच्यानंतर सात कुटुंबां किती ऱ्हवतत ता मोजा, मगे सोलरचो हिशोब करा.

इन्व्हर्टरवाला, २३ डिसेंबर

वरचीवाडी यांच्याशी सहमत. माझा धंदा बुडवणारा सल्ला आहे, तरी सहमत.

वहाळकाठ, ९ जानेवारी

सगळ्यांचे आभार. गेल्या रविवारी आमची बैठक झाली, हा धागा छापून नेला होता. (तो वाचून एक कुटुंब तिथल्या तिथे बाहेर पडलं. चांगले मित्र आहेत, अजूनही आहेत.)

बयाणा देणार नाही. मालकांशी मोकळेपणी बोललो. जमीन कसायला लेखी द्यायला ते नाहीच म्हणाले, सड्यावरचा यांनी लिहिलंय तेच दोन शब्द वापरून. पण बंद घर ११ महिन्यांच्या करारावर द्यायला तयार झाले. काजू वर्षाच्या कराराने. मळ्याचं त्यांनी स्वतःच सुचवलं: खालच्या वाडीतले त्यांचे चुलतभाऊ लावणी करतील, तुम्ही सावडीने (एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबायचं) त्यांच्यात कामाला जा, भात पोटाला मिळेल. म्हणजे आम्ही जमीनमालक व्हायला निघालो होतो आणि सावडीतले गडी झालो!

भाकऱ्यांचं ठरलं आहे. तक्ता भिंतीवर लागेल, पुरुषांची नावं आधी.

माघारी_आलेला, ९ जानेवारी

तक्ता लावा. तासांची वही मात्र ठेवू नका.

सड्यावरचा, १० जानेवारी

घराच्या कराराची नोंदणी करा. आणि दोघांना दाखला आहे तर बाकीच्यांनी आपल्या आजोळचे, सासरचे सातबारे एकदा काढून बघा. घरातल्या कोणाच्या नावाने कुठेतरी चार गुंठे सापडतात आणि माणूस शेतकरी निघतो. माझ्याकडे अशा तीन केसेस झाल्या आहेत.

वहाळकाठ, २१ जुलै

मंडळी, धागा वर काढते आहे. रेंजसाठी सड्यावर छत्री धरून उभी आहे, तेव्हा थोडक्यात.

सातातली तीन कुटुंबं इथे आहोत, आणखी एक गणपतीनंतर येईन म्हणतंय. मेच्या २० तारखेला विहिरीत हंडा बुडेल एवढं पाणी होतं, बाजूच्या आजींनी सांगितलं होतं तेवढंच. टाकी अजून नाही, पत्र्याच्या पन्हाळीखाली जुनी पिंपं लावली आहेत. सोलर सध्या चार दिवे आणि मोबाइल. टर्बाइन पुढच्या वर्षी बघू. पण जाळी साफ करायला रात्री दोनला कोण जाईल ते कळलं आहे, कारण कौल सरकला तेव्हा कोण उठलं ते सगळ्यांनी बघितलं. ते दादा. पोळीभाजी केंद्रवाले.

लावणी झाली. तरवा (भाताची रोपं) काढताना पहिल्या दिवशी माझी मूठ खालच्या वाडीतल्या काकूंनी हातातून घेतली, झटकली, मुळांची माती पाण्यात धुतली आणि काही न बोलता परत दिली. तिसऱ्या दिवसापासून परत द्यायचं थांबल्या.

आता प्रश्न. मेरांना (खाचरांच्या बांधांना) खेकड्यांनी भोकं पाडली आहेत, रात्रीत खाचराचं पाणी उतरतं. सकाळी चिखल लिंपतो, दुसऱ्या सकाळी शेजारी नवं भोक. विष घालायचं नाही आहे, खाली वाडीची विहीर आहे. काय करावं?

वरचीवाडी, २१ जुलै

भोकात आधी धोंडो ठोका, वरून चिखल. नुसतो चिखल ऱ्हवणा नाय.

आणि रातीचे बॅटरी घेवन मेरेर जावा, कुर्ल्ये भायर येतत. मागसून पाठीर धरायचे, नांग्यांका हात लावू नको. सुक्या खोबऱ्याचा वाटप घालून कालवण करा. पाणी उतरायचा थांबात.

चुलीपाशी, २१ जुलै

तक्त्यावर उद्या कोणाचं नाव आहे?

वहाळकाठ, २१ जुलै

दादांचं. त्यांना खेकडे साफ करता येत नाहीत. काकूंना बोलवायला गेलेत.